खिशातील विद्युद्घट : कार्य, झीज आणि जतन

‘बॅटरी टिकत नाही’ ही तक्रार आज घरोघर ऐकू येते. परंतु या तीन शब्दांत दोन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात, हे बोलणाऱ्याच्याही सहसा ध्यानात येत नाही. सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी सायंकाळपर्यंत पुरत नाही, ही पहिली तक्रार. दोन वर्षांपूर्वी जी बॅटरी दिवसभर पुरत असे ती आता दुपारीच संपते, ही दुसरी. पहिली तक्रार खर्चाची, दुसरी झिजेची. तलावाचे उदाहरण घेतले म्हणजे हा भेद स्पष्ट होईल. तलावातील पाणी लवकर आटते याचे एक कारण असे असू शकेल की, उपसा फार आहे. दुसरे असे की, वर्षानुवर्षे गाळ साचून तलावच उथळ झाला आहे. उपसा कमी केल्याने आजचे पाणी पुरेल, पण गाळ साचावयाचा थांबणार नाही.

मोबाइल फोनच्या बॅटरीविषयी जे उपाय लोकांत प्रचलित आहेत, त्यांपैकी बहुतेक उपसा कमी करण्याचे आहेत. गाळाचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत पुस्तिकेत दोहोंचा विचार केला आहे. पण भर झिजेवर आहे. कारण खर्च झालेली वीज रात्री पुन्हा भरता येते, गमावलेली क्षमता मात्र परत मिळत नाही.

हा प्रश्न आता केवळ सोयीचा राहिलेला नाही. अंगणवाडी सेविकेची बालकांविषयीची नोंद, रिक्षाचालकाचे भाडे, भाजीवाल्याच्या हाती येणारे पैसे, विद्यार्थ्याचा अभ्यास, इतक्या गोष्टी या एका घटावर अवलंबून आहेत. शिवाय बॅटरी थकली म्हणजे फोनच जुना झाला असे समजून अनेकजण नवा फोन घेतात. ज्या भागाची किंमत फोनच्या किमतीच्या मानाने अगदी अल्प आहे, त्याच्यापायी उरलेला धडधाकट फोन टाकून दिला जातो. सामान्य कुटुंबास हा खर्च जड जातो.

घटाची कुळकथा

इटलीतील शास्त्रज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० साली निरनिराळ्या धातूंच्या चकत्या एकावर एक रचून व त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले तुकडे घालून पहिली घटमाला जगापुढे मांडली. तीतून अखंड विद्युत्प्रवाह मिळत असे. पण रासायनिक क्रिया संपली की ती निरुपयोगी होई. पुन्हा भरता येणारा घट १८५९ साली फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनी तयार केला. त्यात शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडविलेले असत. मोटारीतील व घरच्या इन्व्हर्टरमधील जड बॅटरी ही त्याचीच वंशज होय.

शिसे खिशात घेऊन हिंडणे शक्य नाही. हलका घट हवा तर हलके मूलद्रव्य हवे. आणि लिथियम हा सर्व धातूंत हलका आहे. त्याची घनता पाण्याच्या घनतेच्या जवळजवळ निम्मी आहे. १८१७ साली स्वीडनच्या योहान आर्फवेडसन यांनी त्याचा शोध लावला. आपला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकण्यास हा धातू सदैव तत्पर असतो. याच गुणामुळे तो विद्युद्घटास योग्य ठरतो, आणि याच गुणामुळे तो धोकादायकही असतो. १९७० च्या दशकात स्टॅन्ले व्हिटिंगहॅम यांनी लिथियमचा पुन्हा भरता येणारा घट बनविला. १९८० साली जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्ड येथे लिथियम कोबाल्ट ऑक्साइड वापरून सुमारे ४ व्होल्ट दाब मिळविता येतो हे दाखविले. १९८५ साली जपानचे अकिरा योशिनो यांनी दुसऱ्या अग्रावर लिथियम धातूऐवजी कार्बन योजून घट पुष्कळच निर्धोक केला. १९९१ साली सोनी कंपनीने तो बाजारात आणला. या तिघा शास्त्रज्ञांस २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते. इतक्या उतारवयात हे पारितोषिक त्यापूर्वी कोणासही मिळाले नव्हते.

घटाचे अंतरंग

फोनमधील बॅटरी बाहेरून चपट्या पाकिटासारखी दिसते. आत दोन पातळ पत्रे असतात. तांब्याच्या पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप असतो, ते ऋण अग्र. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियम व कोबाल्ट यांच्या ऑक्साइडाचा लेप असतो, ते धन अग्र. दोहोंच्या मध्ये माणसाच्या केसाहूनही पातळ असा सच्छिद्र पडदा असतो, आणि सर्व भाग लिथियमचा क्षार विरघळविलेल्या एका द्रवात भिजलेला असतो.

ग्रॅफाइटची रचना पोथीच्या पानांसारखी असते. कार्बनच्या अणूंचे थर एकावर एक सैलसर रचलेले असतात. नित्याच्या बोलण्यात ज्यास आपण चार्जिंग म्हणतो त्या भारणाच्या वेळी लिथियमचे आयन, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, धन अग्रातून निघून द्रवातून पोहत येतात व या पानांमध्ये शिरून बसतात. पूर्ण भरलेल्या स्थितीत कार्बनच्या सहा अणूंमागे लिथियमचा एक अणू असतो. पानांत मोरपीस ठेवले की पोथी किंचित फुगते, तसे ग्रॅफाइटही सुमारे दहा टक्क्यांनी फुगते. फोन वापरू लागलो की आयन आल्या वाटेने परत जातात. इलेक्ट्रॉनांना मात्र द्रवातून वाट नसते. ते बाहेरच्या तारांनी फोनमधून फिरून जातात, आणि त्यांच्या या फेरीतच फोनचे सर्व काम होते.

आता थोडे गणित करू. ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सध्या सर्वत्र आढळते. ती एकदा पूर्ण भरताना सुमारे १.३ ग्रॅम लिथियम एका अग्राकडून दुसऱ्याकडे जाते. तीत साठलेली ऊर्जा सुमारे १९ वॅट-तास भरते. एवढ्या ऊर्जेने ६० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य कुतुबमिनाराच्या तळापासून शिखरापर्यंत दीड वेळा उचलता येईल. आणि तरीही, वाटेतील नासाडी जमेस धरून, रोज एकदा याप्रमाणे वर्षभर फोन भरण्यास नऊ-दहा युनिटांहून अधिक वीज लागत नाही. यावरून एक गोष्ट उघड होते. येथे जपावयाची वस्तू वीज नसून ती साठविणारा घट ही आहे.

एक सोपा प्रयोग

शाळेत किंवा घरी हा प्रयोग सहज करता येईल. फोन ३० टक्क्यांवर असताना चार्जिंगला लावावा व तो न वापरता ५० टक्के होण्यास किती मिनिटे लागतात ती टिपून ठेवावी. पुढे ८० पासून १०० टक्के होण्यास किती मिनिटे लागतात तेही पाहावे. दोन्ही वेळा भर सारखीच, म्हणजे २० टक्क्यांचीच आहे. पण दुसऱ्या वेळी साधारणपणे बराच अधिक वेळ लागतो.

याचे कारण रेल्वेच्या डब्याच्या उदाहरणावरून कळेल. रिकाम्या डब्यात उतारू भराभर चढून बसतात. डबा भरत आला म्हणजे प्रत्येक नव्या उतारूस जागा शोधावी लागते. घट रिकामा असताना चार्जर सम प्रमाणात प्रवाह देत राहतो. दाब ठराविक मर्यादेस पोहोचला की तो दाब कायम ठेवून प्रवाह हळूहळू कमी केला जातो. ही मर्यादा दीर्घकाळ ४.२ व्होल्ट होती. अलीकडील अनेक फोनांत ती ४.४ व्होल्टच्या आसपास असते. या अखेरच्या टप्प्यात घटावर ताण सर्वांत अधिक असतो, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

गाळ साचतो कसा

घट प्रथमच भरला जातो तेव्हा ग्रॅफाइटाच्या पृष्ठभागी द्रवाचे थोडे विघटन होऊन एक अतिशय पातळ थर तयार होतो. हा थर घटाचा रक्षक आहे. तो नसता तर द्रवाचे विघटन चालूच राहिले असते. पण हाच रक्षक थोडी चोरीही करतो. थर बनताना काही लिथियम त्यात कायमचे अडकते, आणि हा थर वर्षानुवर्षे अत्यंत मंद गतीने वाढत राहतो. अडकलेले लिथियम पुन्हा प्रवासास निघत नाही. तलावातील गाळ तो हाच.

या क्रियेस वेग देणारी पहिली गोष्ट म्हणजे उष्णता. तापमान १० अंशांनी वाढले की अनेक रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातील परिचित स्थूल नियम आहे. घटातील अनिष्ट क्रियाही त्याच मार्गाने जातात. दुसरी गोष्ट म्हणजे घट काठोकाठ भरलेला राहणे. दाब अधिक असला की द्रव व अग्रे या दोहोंची झीज अधिक होते. उष्णता व पूर्ण भार एकत्र आले म्हणजे हानी फार होते. या घटांच्या साठवणीविषयी नेहमी दिली जाणारी आकडेवारी बोलकी आहे. ४० टक्के भरलेला घट २५ अंश सेल्सिअस तापमानात वर्षभर ठेवला तर त्याची सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. पूर्ण भरून ठेवला तर ८० टक्के. तापमान ४० अंश असेल तर हेच आकडे ८५ व ६५ होतात. घटाची घडण बदलली की आकडे थोडेफार बदलतील, पण त्यांची दिशा बदलत नाही. ज्या देशात उन्हाळ्याच्या दुपारी पारा ४० च्या वर चढणे नवलाचे नाही, आणि जेथे १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदी येथे ५१ अंशांची नोंद झाली, तेथील लोकांनी हे आकडे विशेष लक्षात ठेवले पाहिजेत.

थंडीचा परिणाम निराळा असतो. लेह किंवा द्रास येथील हिवाळ्यात फोन एकाएकी बंद पडतो, पण ऊब मिळताच घटाचे बळ बहुधा परत येते. मात्र गोठणबिंदूच्या खाली घट भरण्याचा प्रयत्न केला तर लिथियम ग्रॅफाइटच्या पानांत न शिरता पृष्ठभागी धातूच्या रूपाने साचू लागते. ही हानी कायमची असते व ती धोकादायकही ठरू शकते.

झिजेचा आणखी एक परिणाम असतो. वयाबरोबर घटाचा अंतर्गत रोध वाढतो. मग कॅमेरा किंवा एखादे जड काम एकदम चालू होताच दाब खाली घसरतो, आणि पडद्यावर २५ टक्के दिसत असतानाही फोन बंद पडतो. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपल कंपनीने असे मान्य केले की, थकलेल्या बॅटरीमुळे फोन अकस्मात बंद पडू नये म्हणून काही आयफोनांचा वेग आपोआप कमी केला जात होता. ग्राहकांचा रोष झाला. कंपनीने क्षमा मागून बॅटरी बदलून देण्याचा दर कमी केला. बॅटरी बदलताच अशा फोनांचा वेग पूर्ववत होई. फोन मंदावला याचा अर्थ फोन म्हातारा झाला असाच होत नाही, हा धडा या प्रसंगाने जगास मिळाला.

काही रूढ समज

‘बॅटरी पूर्ण संपल्यावाचून चार्जिंगला लावू नये’ हा समज निकेल-कॅडमियम घटांच्या काळातील आहे. ते घट वारंवार अर्धवट वापरून भरले तर त्यांची क्षमता घटल्यासारखी वाटे. लिथियम-आयन घटास हा दोष नाही. उलट, प्रत्येक वेळी शून्यावर नेणे त्यास अपायकारक असते. एक आवर्तन म्हणजे एकूण १०० टक्के वापर. आज ५० व उद्या ५० टक्के वापरले, तर दोन वेळा फोन भरूनही आवर्तन एकच होते.

‘रात्रभर चार्जिंगला ठेवल्यास बॅटरी फुटते’ हेही पूर्ण सत्य नव्हे. घट भरल्यावर फोन स्वतःच प्रवाह थांबवितो. हानी होते ती हळूहळू, घट तासन्‌तास काठोकाठ भरलेल्या व उबदार स्थितीत राहिल्यामुळे. तो उशीखाली किंवा पांघरुणात असेल तर उष्णता अडून राहते, आणि मग धोका खरा असतो.

उघडलेली ॲप्स दर घटकेस झटकून बंद केल्याने वीज वाचते, अशीही समजूत आहे. फोनची यंत्रणा निष्क्रिय ॲप्स स्वतःच थोपवून धरते. ते बंद करून पुन्हा मुळापासून उघडण्यात बहुधा अधिकच वीज खर्च होते.

जतनाचे नियम

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे फोन तापू देऊ नये. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत, दुचाकीच्या हँडलवर भर दुपारी, चुलीजवळ किंवा तापलेल्या पत्र्याखालील फळीवर तो ठेवू नये. चार्जिंग चालू असता हातास गरम लागल्यास जाड आवरण काढून ठेवावे, व त्या वेळी खेळ किंवा चित्रपट चालवू नयेत. तापलेला फोन बर्फात वा फ्रीजमध्ये ठेवणे हा उपाय नव्हे, कारण त्यायोगे आत दव जमते. सावलीत, पंख्याखाली ठेवणे पुरे.

दुसरा नियम मध्यममार्गाचा. शक्यतो घट २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राखावा. अनेक फोनांत ८० टक्क्यांवर भारण थांबविण्याची, किंवा उठण्याच्या वेळेपर्यंत अखेरचा भाग राखून ठेवण्याची सोय आता दिलेली असते. ती सेटिंग्जमधील बॅटरीच्या विभागात सापडेल. प्रवासास निघताना १०० टक्के भरण्यास हरकत नाही. पूर्ण भरणे हा अपराध नव्हे, पूर्ण भरून दीर्घकाळ तसेच ठेवणे हानिकारक आहे.

तिसरा नियम वेगाविषयी. जलद चार्जिंगने व तारेवाचून होणाऱ्या चार्जिंगने उष्णता अधिक निर्माण होते. घाई असेल तेव्हा जलद चार्जर वापरावा. रात्र हाताशी असेल तर सावकाश भरणारा बरा. चार्जर व बदली बॅटरी घेताना भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह व क्रमांक पाहून घ्यावा.

चौथा नियम न वापरलेल्या फोनाचा. जुना फोन कपाटात ठेवावयाचा असल्यास सुमारे निम्मा भरून, बंद करून, थंड जागी ठेवावा व काही महिन्यांनी पुन्हा निम्मा भरावा. पूर्ण रिकामा ठेवलेला घट कायमचा निकामी होऊ शकतो.

दिवसाचा खर्च

आता उपशाकडे वळू. फोनमध्ये विजेचे मोठे खर्च बहुधा दोन असतात, पडदा व रेडिओ. पडद्याचा उजेड थोडा कमी करणे व तो लवकर मालवला जाईल अशी योजना करणे, हा सर्वांत सुलभ उपाय होय. ज्या पडद्यांस ओएलईडी म्हणतात त्यांत प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असतो, त्यामुळे काळ्या बिंदूस जवळजवळ वीज लागत नाही. तरीही काळ्या पार्श्वभूमीचा लाभ सरसकट मोठा नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात २०२१ साली केलेल्या अभ्यासात असे आढळले की, उजेड ३० ते ५० टक्के असताना तिच्यामुळे सरासरी ३ ते ९ टक्केच बचत होते. उजेड पूर्ण असेल तेव्हा मात्र ती ३९ ते ४७ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे उन्हात काम करणाऱ्यास काळी पार्श्वभूमी उपकारक आहे. घरात बसणाऱ्याने उजेडच कमी करावा.

रेडिओचा खर्च अंतरावर अवलंबून असतो. दूरच्या माणसास हाक मारताना आवाज चढवावा लागतो, तसे मनोरा दूर असेल तर फोनला अधिक शक्तीने लहरी पाठवाव्या लागतात. घाटातून किंवा जंगलातून आगगाडी जात असता फोन हातात न घेताही बॅटरी उतरते, ती यामुळे. अशा वेळी विमान-अवस्था चालू करणे हितकर असते. घरी वायफाय असल्यास ते वापरावे, कारण त्याचा मनोरा घरातच असतो. स्थाननिर्देशाची परवानगी ज्या ॲपला खरोखर गरज आहे त्यालाच, आणि वापरापुरतीच द्यावी. कोणते ॲप किती वीज खाते याची यादी फोन स्वतःच दाखवितो. आठवड्यातून एकदा ती पाहिल्यास अनेकदा दोषी आपोआप सापडतो.

घटाचे अखेरचे दिवस

कितीही जपले तरी घट कधीतरी संपणारच. यापुढे निदान त्याने किती टिकावे, याचे काही दंडक घातले जात आहेत. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात विक्रीस येणाऱ्या नव्या स्मार्टफोनांच्या बॅटरीत ८०० आवर्तनांनंतर निदान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, असा नियम लागू झाला. क्षमता ८० टक्क्यांखाली गेली की अनेक फोन तशी सूचना देतात. अशा वेळी नव्या फोनाचा विचार करण्यापूर्वी बॅटरी बदलण्याचा खर्च विचारून पाहावा.

पाठीमागचे आवरण उचलले जात असेल किंवा फोन टेबलावर डगमगत असेल, तर आत वायू साठून बॅटरी फुगली आहे असे समजावे. अशी बॅटरी दाबू नये, तिला भोसकू नये व ती पुन्हा चार्ज करू नये. फोन बंद करून जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावा व जाणकाराकडे न्यावा. निकामी घट कचरापेटीत टाकू नये; कचऱ्याच्या गाडीत चिरडला गेल्यास तो पेट घेतो. भारतात २०२२ साली बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम अंमलात आले असून, वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचे पुनश्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. तो घट संकलन केंद्रात पोहोचविणे एवढे आपले काम उरते. त्यातील कोबाल्ट बहुधा आफ्रिकेतील काँगोच्या खाणींतून आलेले असते. जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट तेथे निघते, आणि तेथील काही खाणींत माणसे हातांनी जमीन उकरून ते काढतात. एका घटाचे आयुष्य एका वर्षाने वाढले तर घरातील काही पैसे वाचतातच, शिवाय तेवढे खोदकामही पुढे ढकलले जाते.

यासाठी कोणतेही नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. फोन उन्हातून सावलीत आणणे व भरत आल्यावर तार काढणे, ही दोन कामे लहान मुलासही जमण्यासारखी आहेत.